नोरीनबाईंची पट्टी

"सूर दे, नोरीन," मर्व म्हणाला, आणि हॉलमधली बडबड थांबली.

नोरीनबाईंनी मांडीवरचा कॉन्सर्टिना उचलला. सहा कोनांची, दोन हातांत मावेल एवढी ती भात्याची पेटी. दोन्ही बाजूंना हाडाची बटणं. त्यांनी एक बटण दाबून भाता सावकाश ओढला, आणि त्या एका सुरासाठी पाच गिटारवाले, तीन व्हायोलिनवाले आणि एक बँजोवाला आपापल्या खुंट्या पिळू लागले. पिळता पिळता मर्वच्या गिटारची तार तुटली. दर महिन्याला कोणाची ना कोणाची तुटायचीच.

"तारांच्या दुकानदाराची तिन्ही पोरं माझ्या जिवावर शिकली," मर्व म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. मग पर्समधून काडेपेटीएवढं एक यंत्र काढून मी ते गुडघ्यावर ठेवलं. सूर किती बरोबर आहे ते दाखवणारं यंत्र. त्यातली सुई मधल्या रेघेवर थांबायला हवी. ती उजवीकडे सरकली आणि पस्तीसवर थांबली.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या टॅलोफील्ड नावाच्या गावातली. गाव म्हणजे दुधाच्या भुकटीचा कारखाना, भोवती कुरणं आणि एक सरळ रस्ता. माझा नवरा जनावरांचा डॉक्टर, तो दिवसभर गोठ्यांत. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी गावातले हौशी लोक जुन्या शाळेच्या हॉलमध्ये लोकगीतं म्हणायला जमत. खुर्च्या गोल मांडायच्या आणि पाळी डावीकडून फिरत यायची. आपली पाळी आली की गायचं, वाजवायचं, नाहीतर "पास" म्हणायचं. मी अकरा महिने "पास" म्हणत होते.

पहिल्या महिन्यात मी पेटी नेली होती. आईची, मिरजेत बनवून घेतलेली, साड्यांत गुंडाळून विमानातून आणलेली पेटी. नोरीनबाईंनी एक संथ गाणं धरलं आणि मी हळूच साथीला सूर लावला. खोलीभर काहीतरी नासल्यासारखं झालं. त्यांची पट्टी माझ्या काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी होती. तारा पिळता येतात, पेटीला खुंट्या नसतात.

"बाहेर माझा कुत्रा रडायला लागलाय," मर्व म्हणाला होता. "पण तो माझ्या गाण्यालाही रडतो, तेव्हा मनावर घेऊ नकोस."

मी पेटी गाडीच्या डिकीत ठेवली ती ठेवलीच. त्याऐवजी क्लबचं दोन पानी पत्रक टाइप करू लागले. कोण आजारी आहे, कोणाला नातू झाला, कोणती गाणी झाली, पुढच्या वेळी केक कोण आणणार. "हेमच्या पत्रकात तारखा तरी बरोबर असतात," असं लोक म्हणत. हेमांगीचं हेम त्यांनी पहिल्याच दिवशी केलं होतं. तिथे सगळे सगळ्यांना नावानंच हाक मारतात, पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसतं "नोरीन" म्हणायला माझी जीभ वळत नसे. मनात मी त्यांना नोरीनबाईच म्हणायची.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि यंत्र पुढे केलं.

"हे काय, ताप मोजतेस का माझा?" त्यांनी विचारलं.

"कॉन्सर्टिनाचा सूर मोजला. शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले पस्तीस भाग हा वर आहे. जुने कॉन्सर्टिना असे वर लावलेले असायचे. पुढे जगानं दुसरा सूर ठरवला."

"म्हणजे बेसूर आहे?"

"बेसूर नाही. आपल्यापुरता तो चोख आहे. बाकीच्या जगापेक्षा वर आहे, एवढंच."

"टॅलोफील्ड आहेच बाकीच्या जगापेक्षा वर," मर्व कप घेऊन मध्येच आला. "टेकडीवर आहे ना."

नोरीनबाई हसल्या नाहीत. त्यांनी बशीतला केकचा तुकडा बाजूला सारला. "एकतीस वर्षं इथे मी सूर देतेय. म्हणजे एकतीस वर्षं सगळ्यांना चुकीचा दिला?"

इथे मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "दुरुस्त करता येतो."

मग मी कारणं सांगितली. मागच्या वर्षी एक बासरीवालं जोडपं दोनदा येऊन गेलं, तिसऱ्यांदा आलं नाही. माऊथ ऑर्गनवाले येऊ शकत नाहीत. तारा तुटतात. सूर जगासारखा केला तर सगळ्यांचीच सोय होईल. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

नोरीनबाई कॉन्सर्टिनाच्या भात्यावरून अंगठा फिरवत होत्या. "क्लॅरी असता तर म्हणाला असता, हात लावायचा नाही." क्लॅरी म्हणजे त्यांचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेलेला. मी त्याला फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलं होतं. उंच, कान बाहेर आलेले, गाताना डोळे मिटलेले. "पण क्लॅरीचं काय, तो फाटकी टोपीसुद्धा टाकू द्यायचा नाही."

"मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन," मी म्हणाले. "मेलबर्नला एक कारागीर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली आहेस. तुला कळत असणार."

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कॉन्सर्टिनाचे सगळे सूर मोजले. तीस बटणं, ढकलताना एक सूर, ओढताना दुसरा, म्हणजे साठ. प्रत्येकापुढे तो किती वर आहे त्याचा आकडा. तक्ता छापून मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. प्रयोगशाळेतही माझे तक्ते असेच नीटनेटके असत.

कारागीर म्हातारा होता, अंगावर चामड्याचा एप्रन. त्यानं तक्ता पाहिला आणि भुवया उंचावल्या. मग भाता उघडून हवेनं थरथरून सूर देणाऱ्या आतल्या पोलादी रीडांवर भिंग धरलं.

"शंभर वर्षांच्या आहेत," तो म्हणाला. "मुळाशी खरवडलं की सूर उतरतो. उतरवून देतो. पण खरवडलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. पुढे कोणी म्हणालं की पुन्हा चढव, तर टोकाशी खरवडावं लागेल. मुळाशीही बारीक, टोकाशीही बारीक. मग ती रीड वाजत नाही, मोडते. नक्की करायचं?"

"हिला विचारा," नोरीनबाई म्हणाल्या.

"नक्की," मी म्हणाले.

त्या महिन्याच्या पत्रकात पहिली बातमी मी चौकटीत घातली. "आनंदाची बातमी. नोरीन यांचा कॉन्सर्टिना दुरुस्त होऊन परत आला असून आता तो योग्य सुरात आहे. बासरी, माऊथ ऑर्गन किंवा कोणतंही न जुळवता येणारं वाद्य वाजवणाऱ्यांचं यापुढे स्वागत आहे." "दुरुस्त" आणि "योग्य" हे शब्द माझे. पत्रकाची ती प्रत अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या दुसऱ्या रविवारी कोणाचीही तार तुटली नाही. बासरीवालं जोडपं आलं. आणि मी डिकीतून पेटी काढून आत आणली. माझी पाळी आल्यावर मी आईकडून शिकलेलं एक भजन वाजवलं. दुसऱ्या फेरीला बाकीच्यांना चाल सापडली, तिसऱ्या फेरीला सगळा हॉल वाजवत होता. मर्वनं टेबलावर ठेका धरला. "कुत्रा गप्प आहे," तो ओरडला, "तू पास झालीस!"

अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या गावात मला कुठेतरी बसल्यासारखं वाटलं. म्हणूनच पाळी नोरीनबाईंवर आली तेव्हा त्या काय म्हणाल्या याकडे माझं नीट लक्ष गेलं नाही. त्या "पास" म्हणाल्या.

त्यानंतरच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. पत्रकात मी लिहिलं, "नोरीन यांना सर्दी झाल्याचं कळतं." मला तसं कोणी कळवलं नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यातही त्यांची खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा मी लिंबांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले.

व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना आतून पुरुषाचा आवाज ऐकू आला. कोणी तरी गात होतं, एकट्यानं, घाई न करता. दोन ओळींनंतर त्याच्याखाली कॉन्सर्टिना आला, आणि दोन्ही आवाज एकमेकांना घासू लागले. दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण सारखे नसले, की हवेत हेलकावे येतात. मी नकळत मोजले. सेकंदाला नऊ. पस्तीस भागांचा फरक असला की त्या सुरावर नऊच यायला हवेत.

कॉन्सर्टिना थांबला. टेप मागे गेल्याचा आवाज. पुन्हा तो माणूस, पुन्हा त्या दोन ओळी, पुन्हा कॉन्सर्टिना, पुन्हा ते हेलकावे. चौथ्या वेळी मी दार वाजवलं.

नोरीनबाईंनी जाळीचं दार उघडलं. त्यांच्या मागे टेबलावर टेपरेकॉर्डर होता आणि कॅसेटी. नंतर मोजल्या, तेवीस होत्या.

"क्लॅरी," त्या म्हणाल्या. माणसाची ओळख करून द्यावी तशा.

मला बसायला सांगून त्या स्वतः उभ्याच राहिल्या. "शेवटच्या हिवाळ्यात रेकॉर्ड केल्या त्यानं. फुप्फुसं गेली होती, दिवसाला एकच गाणं जमायचं. मी आधी त्याला सूर द्यायची, मग तो एकटाच गायचा. मी म्हटलं, मी वाजवते ना साथीला. नाही म्हणाला. 'तुझी जागा रिकामी ठेवतोय,' म्हणाला. 'माझ्यामागे तुला वाजवायला काहीतरी नको का?'"

मी लिंबांची पिशवी टेबलाच्या पायाशी ठेवली.

"सहा वर्षं रोज चहानंतर आम्ही दोघं बसत होतो," त्या म्हणाल्या. "आता तो येतो आणि माझं वाजवणं त्याला जुळत नाही. मला वाटलं, माझंच वय झालं. बोटं चुकत असतील."

"बोटं चुकत नाहीत," मी म्हणाले. "तुम्ही मला सांगितलं का नाही? आधी?"

"तू विचारलंस का, मी घरी काय वाजवते?"

मी त्याच दिवशी कारागिराला फोन केला. त्यानं नीट ऐकून घेतलं. "बाई, मी तेव्हाच सांगितलं होतं," एवढंच म्हणाला.

मग मला वाटलं, कॉन्सर्टिना वर जात नसेल तर टेप खाली आणता येईल. तेवीसही कॅसेटी मी संगणकावर चढवल्या आणि प्रत्येक गाणं पस्तीस भाग खाली आणलं. म्हणजे फक्त दोन टक्के. माणसाच्या कानाला आवाजातला फरक कळणार नाही, असं मी हिशोबानं ठरवलं. पंधरा दिवसांनी सीडी आणि एक छोटा प्लेअर घेऊन मी त्यांच्याकडे गेले. पहिलं गाणं लावलं. "वाजवून बघा," मी म्हणाले, "आता जुळेल."

नोरीनबाईंनी कॉन्सर्टिना मांडीवर घेतला, पण भाता उघडला नाही. चार ओळी ऐकल्या.

"हा कोण?"

"क्लॅरीच."

"नाही." त्यांनी हात लांब करून प्लेअर बंद केला. त्यांचा स्वर रागाचा नव्हता. "म्हणजे आता त्यालाही दुरुस्त केलंस."

पुढच्या रविवारी सकाळी, नेहमीप्रमाणे, आईला कोल्हापूरला फोन केला.

"आई, पेटी चढवता येते का गं? अर्ध्याहून कमी सूर?"

"येते की. रीडचं टोक घासायचं, अगदी हलक्या हातानं. मिरजेचे कारागीर करून द्यायचे. एखादा गवई मधल्याच सुरात गाणारा असला की त्याच्यासाठी पेटी चढवून घ्यायचे. गाणाऱ्याचा गळा थोडाच घासता येतो? का गं, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तक्ता, कारागीर, चौकटीतली बातमी, कॅसेटी. फोन कट झाला की काय असं वाटून मी "हॅलो" म्हटलं.

"आहे मी," आई म्हणाली. "त्या बाई तिथे एकतीस वर्षं होत्या आणि तू अकरा महिने. मग तेव्हाच तुझी पेटी का नाही चढवलीस?"

पेटीच्या रीडा घासता येतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. आईच्या शेजारी बसून मी ते काम बघितलेलं होतं. बासरीवालं जोडपं, तुटणाऱ्या तारा, सगळ्यांची सोय, या सगळ्याच्या आधी डिकीतली पेटी होती. तिला जागा हवी होती. मी ते कुठल्याच तक्त्यात लिहिलं नव्हतं.

"तुझ्या पेटीला हात लावू का?" मी विचारलं.

"आता ती तुझी आहे. मला कशाला विचारतेस?" मग थोड्या वेळानं, "खर्जाच्या रीडांना सांभाळ. त्या दांडगट दिसतात, पण आधी मोडतात."

तीन शनिवार-रविवार मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पेटी उघडून बसले. बारीक कानस, भिंग, गुडघ्यावर ते यंत्र. घासायचं, रीड जागेवर बसवायची, वाजवायची, सुई बघायची, पुन्हा काढायची. सुई पस्तीसवर आली की पुढची. खर्जातली एक रीड मोडलीच; ती पट्टी अजून मुकी आहे. शेवटच्या रविवारी पेटी पूर्ण चढली, आणि जगातल्या बाकी कुठल्याच वाद्याबरोबर वाजण्यालायक राहिली नाही.

नोरीनबाईंनी जाळीचं दार अर्धंच उघडलं. पेटी पाहिली. "आता काय?"

"कॅसेट लावा," मी म्हणाले. "जुनी. तुमची."

त्यांनी लावली. क्लॅरी गाऊ लागला. दोन ओळी थांबून मी त्याच्याखाली सूर धरला. एकही हेलकावा आला नाही. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की पेटी वाजते आहे की नाही हे भात्याच्या हालचालीवरूनच कळावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपेपर्यंत नोरीनबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी टेप बंद केला.

"छान वाजवतेस," त्या म्हणाल्या. "पण ती जागा त्यानं माझ्यासाठी ठेवली होती, गं. तुझ्यासाठी नाही."

मी भात्याचा खटका लावला.

"मग पेटी ठेवून जाते," मी म्हणाले.

"मला नाही येत हे."

"डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं पट्ट्या."

"आणि ढकलताना वेगळा सूर, ओढताना वेगळा?"

"नाही. भाता कसाही हलवा, सूर तोच."

"मग त्यात मजा काय?" त्या म्हणाल्या. पण "घेऊन जा" असं म्हणाल्या नाहीत. मी पेटी टेबलावर, टेपरेकॉर्डरच्या शेजारी ठेवून निघाले.

हॉलमध्ये त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मी दोनतीनदा गेले, तर बाहेर व्हरांड्यातच बोलल्या, लिंबांबद्दल, पावसाबद्दल. पेटीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. एकदा त्यांच्या उजव्या हाताची बोटं सांध्यांवर सुजलेली दिसली. क्लबात आता सूर माझं यंत्र देई. मर्व ते बटण दाबून टेबलावर ठेवायचा. तारा तुटत नव्हत्या, आणि तारांवरचे विनोदही बंद झाले होते.

दोन वर्षांनी नोरीनबाई गेल्या. पत्रकात बातमी मलाच लिहायची होती. चार वेळा लिहिली आणि चारही वेळा खोडली. शेवटी नाव, वय आणि "एकतीस वर्षं त्यांनी या हॉलला सूर दिला" एवढंच ठेवलं. "योग्य" हा शब्द कुठे घालावा ते मला सुचलं नाही.

महिन्याभरानं त्यांचा पुतण्या पेटी परत घेऊन आला. त्यानं ती जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळली होती. "काकूनं चिठ्ठी लावून ठेवली होती, हेमला द्या म्हणून," तो म्हणाला. "कॅसेटी मात्र दफनाच्या वेळी तिच्याबरोबर ठेवा म्हणाली होती, त्या ठेवल्या."

तो गेल्यावर मी ब्लँकेट सोडलं आणि झाकण उघडलं. पट्ट्यांवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे बारीक चौकोन लावलेले होते. त्यांवर पेन्सिलनं लिहिलेले आकडे. काही आकड्यांवर आडवी रेघ होती, काहींवर नव्हती. मला कळायला थोडा वेळ लागला. ते कॉन्सर्टिनाच्या बटणांचे आकडे होते. रेघ असेल तर ओढायचं, नसेल तर ढकलायचं. पेटीला त्याचा काही उपयोग नव्हता, पण त्यांना त्याशिवाय सूर ओळखता येत नव्हता. एकेक बटण आठवून, एकेक पट्टी दाबून त्यांनी तो शोधला होता. पहिले आकडे ठळक होते. पुढे ते मोठे आणि वाकडे होत गेले होते.

आकडे असलेल्या पट्ट्या डावीकडून मोजल्या तर चौदा. पंधराव्या पट्टीवर चौकोन चिकटवलेला होता. त्याच्यावर आकडा नव्हता.